आईचा पुरवणी जबाब

आमच्या बाबांना कोरा रकाना दिसला की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. ते रसायनाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. कोणाचं बोट मशीनमध्ये गेलं, कोणाच्या पायावर पिंप पडलं, की त्याचा रिपोर्ट बाबा लिहायचे. त्यात 'अपघाताचे कारण' असा एक रकाना असायचा. कारण कळलेलं असो नसो, तो भरावाच लागे. रिकामा ठेवला तर वरून कागद परत येई. बाबांचा एकही कागद आजवर परत आला नव्हता, आणि ही गोष्ट ते आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवायचे. मी एकदा विचारलं होतं, कारण माहीतच नसलं तर काय लिहिता? म्हणाले, "कामगाराचा निष्काळजीपणा. ते कुठेही बसतं."

तर अशा माणसाला अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या सोसायटीनं सेक्रेटरी केलं होतं. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, आणि खाली पाण्याची टाकी. टाकीतलं पाणी गच्चीवर चढवायला एक पंप, आणि त्या पंपाची मोटर दर महिन्याला रुसायची. ती समजूत काढून चालू करणारा एकच माणूस होता, बुवापाड्यातला पंपवाला. असेल तिशीचा. कमी बोलायचा, पण आमच्या बिल्डिंगचा कुठला पाइप कुठल्या भिंतीतून कुठे जातो हे त्याला तोंडपाठ होतं. बिल्डरलासुद्धा तेवढं माहीत नसावं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एका दुपारी ती मोटर चोरीला गेली. पुरुष कामावर, बायका जरा आडव्या झालेल्या, मी कॉलेजात. जागी होती एकटी आई. ती मागच्या गॅलरीत कपडे काढत होती आणि तिनं एक माणूस बघितला. संध्याकाळी सगळी सोसायटी आमच्या हॉलमध्ये जमली तेव्हा तिनं सांगितलं ते इतकंच:

"पाठमोरा होता. खाकी शर्ट. खांद्यावर पोतं, जड होतं बहुतेक, वाकून चालला होता. मागच्या फाटकानं गेला. मला वाटलं पंपाचं काय काम चाललंय."

आई बदलापूरजवळच्या जांभूळची. सातवी शिकलेली. शेतात भाताच्या कापणीला उभी राहिलेली बाई लग्न करून ऑफिसरच्या घरात आली, आणि आल्यापासून बाबांनी तिचं बोलणं 'सुधारायला' घेतलं. पाहुण्यांसमोर तिनं तोंड उघडलं की बाबांच्या कपाळाला आठी पडायची. त्यामुळे पोलिसात तिनं तोंडानं काही सांगावं हा प्रश्नच नव्हता. बाबा म्हणाले, "तू गोंधळशील. मी लिहून देतो, तू फक्त सही कर."

आणि त्यांनी लिहिलं. वेळ, ठिकाण, कपडे, दिशा, सगळं आलं. मग आला तो रकाना. इसमाची ओळख.

"खाकी शर्ट आपल्याकडे कोण घालतं?" बाबांनी हॉलमधल्या मंडळींना विचारलं.

"पंपवाला," दोघातिघांनी एकदम सांगितलं.

"आणि पंपाजवळ कोण जातं?"

"पंपवाला!"

झालं. रकाना भरला. 'सदर इसम हा आमच्या सोसायटीचा पंप दुरुस्त करणारा असून मी त्यास चांगली ओळखते.' आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "पण मी तोंड कुठे बघितलं?" बाबा म्हणाले, "अगं, तो तपशील झाला." आणि मंडळींनी माना डोलावल्या, जणू माणसाचं तोंड म्हणजे खरोखरच किरकोळ तपशील.

तो कागद फेअर मी केला. माझं अक्षर चांगलं, शाळेत बक्षिसं मिळालेली, घरातले सगळे अर्ज माझ्याकडेच यायचे. 'चांगली ओळखते' हे लिहिताना माझा हात अडखळला नाही. उलट 'ळ'ला छान गोलाई आली म्हणून मी तो कागद जरा लांब धरून बघितला. हे आज लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आईनं सही केली. हवालदारानं तो कागद बघून बाबांना म्हटलं, "साहेब, असे साक्षीदार सगळ्यांना मिळोत," आणि जसाच्या तसा जबाबात उतरवून घेतला. त्याचं काम वाचलं. दुसऱ्या दिवशी पंपवाल्याला बुवापाड्यातून उचललं.

सोसायटीला कोण आनंद! चोर चोवीस तासांत सापडला, म्हणजे सेक्रेटरी असावा तर असा. फक्त मोटर काही सापडेना. मग नवी मोटर आणली, आणि आणल्यावर लक्षात आलं की ती बसवणार कोण? दोन दुसरे पंपवाले येऊन गेले. आमच्या पाइपांचं जाळं बघून एक तर हसतच बाहेर पडला. शेवटी नवी मोटर आमच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथखाली येऊन बसली आणि बारा घरच्या बायका बादल्या घेऊन जिने चढू लागल्या. खाली टाकीपाशी म्हणायच्या, "मेल्याला चांगला खडी फोडायला पाठवा." तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचल्या की म्हणायच्या, "पण त्याच्याशिवाय होणार कसं हो?" शिक्षाही व्हावी आणि त्यानं येऊन मोटरही बसवावी, दोन्ही एकाच तोंडानं.

बाबा दर दोन दिवसांनी ठाण्यावर जाऊन 'प्रगती' विचारायचे. हे त्यांचं ऑफिसातलंच व्यसन. तिथे एक नवे सब-इन्स्पेक्टर आले होते. त्यांनी सांगितलं, मोटर मिळालेली नाही, सगळी केस तुमच्या मिसेसच्या एका वाक्यावर उभी आहे, तेव्हा त्यांचा पुरवणी जबाब घ्यायचाय. मी घरी येऊन घेतो.

"घरी?" बाबांची पाचावर धारण बसली. "छे छे, आम्हीच येतो!"

ऑफिसरच्या दाराशी पोलिसांची जीप! बाबांच्या डोळ्यांसमोर सगळी गल्ली गॅलऱ्यांमधून ओणवलेली उभी राहिली असणार. चोरीची फिर्याद आपणच दिलेली, चोर कोणी दुसराच, आणि लाज मात्र आपल्याला! शेजाऱ्यांना सांगायचं काय, तेही बाबांनी ठरवलं: आम्ही उल्हासनगरला चादरी घ्यायला चाललोय.

दोन संध्याकाळी तालीम झाली. बाबा खुर्चीवर सब-इन्स्पेक्टर होऊन बसले, हातात माझी फूटपट्टी. आई समोर स्टुलावर. मी पाटावर बसून मेथी निवडत होते.

"नाव सांगा."

"तुम्हाला माहीत नाही?"

"अगं, मी आत्ता पोलीस आहे!"

"बरं. मग डाळीला फोडणी पोलीस देतील का?"

"सीरियसली घे जरा! पुढे बोल. दिनांक अमुक रोजी..."

आई बोलू लागायची. दिनांक अमुक रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास मी इमारतीच्या मागील बाजूच्या सज्जात उभी असताना... पाठांतर चांगलं होतं तिचं, घडाघडा यायचं. आणि दर वेळी त्या एकाच वाक्यापाशी ती थांबायची.

"सदर इसमास..." बाबा पट्टी आपटून आठवण करायचे.

"अहो, पण मी खरंच तोंड नाही बघितलं."

"आता तसं बोललीस तर तू खोटी ठरशील. सही आहे तुझी! खोटी साक्ष म्हणजे काय माहितीय? तुलाच आत टाकतील."

"आणि त्याला टाकलंय ते?"

बाबांनी यावर पेपर उघडला. उत्तर नसलं की बाबा पेपर उघडायचे, मग तो सकाळी वाचून झालेला का असेना. आई उठून आत गेली. मी मेथीची जुडी हातात धरून बसले होते. मी म्हणू शकले असते की बाबा, आई बरोबर बोलतेय. नाही म्हणाले. मला वाटलं, मोठी माणसं बघून घेतील. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते मी, म्हणजे मोठं व्हायला आणखी काय शिंगं फुटायला हवी होती कुणास ठाऊक.

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. मला आईचा 'आधार' म्हणून नेमलं होतं. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, ग्लुकोजचा पुडा, कोलन वॉटर शिंपडलेला रुमाल आणि आयत्या वेळी विसरली तर म्हणून जबाबाची एक कॉपी. चादरी घ्यायला चाललेली बाई दिसावी म्हणून बाबांनी आईला ठेवणीतली साडी नेसायला लावली होती. पहिल्या मजल्यावरच्या काकू जिन्यात बादली टेकवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "चादरी होय? बरं बरं. जपून बोला हं तिथे." बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

ठाण्याच्या ओसरीत एक लांब बाकडं होतं. त्यावर एक बाई बसली होती, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. आम्हाला बघून ती सरकली आणि आईला जागा करून दिली. बाबा आत वर्दी द्यायला गेले. आईची ती साडी, कपाळावर घाम. बाईला दया आली असावी. तिनं हळूच विचारलं, "तुमचं पन कोन आत हाय का?"

आई म्हणाली, "नाही. तुमचं?"

"मालक. पंपाचं काम करत्यात. चोरीचा आळ आलाय. कोन्या बाईनं बघितलं म्हनं." मग डब्यावर हात ठेवून म्हणाली, "बघितलं आसंल तर बघितलं आसंल. पर मला सांगा, त्या दिवशी ह्यांस्नी ताप हुता. शर्ट पन मीच काढून धुवाय टाकलेला."

आईनं माझा हात धरला. इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मला वाटलं ती रडेल, म्हणून मी कोलनचा रुमाल पुढे केला. तो तिनं झिडकारला. रागानं तिचं नाक लाल झालं होतं. तो राग कोणावर होता, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझंही नाव आलं असतं.

सब-इन्स्पेक्टरना सर्दी झाली होती. समोर व्हिक्सची डबी, हातात रुमाल. आम्हाला खुर्च्या दिल्या. म्हणाले, "ताई, तुम्हाला खरं तर इथे यायची गरज नव्हती. बायकांचा जबाब आम्ही घरी येऊनच घेतो."

"नाही नाही, आम्हाला काही त्रास नाही," बाबा म्हणाले.

"ताई, त्या दुपारी काय बघितलंत?"

"तिनं पावणेतीनच्या सुमारास..." बाबा.

"त्यांना बोलू द्या."

"हो हो. बोल ना गं. दिनांक..."

"चेहरा बघितला होता का, ताई?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला. बारा बिऱ्हाडांत चार ग्रॅज्युएट, एक हेडमास्तर, एक सेफ्टी ऑफिसर. कोणाला सुचला नव्हता. सुचला तो एका शिंकणाऱ्या पोलिसाला.

"हिनं त्याला चांगलं ओळखलं," बाबा म्हणाले. "लेखी आहे ते."

सब-इन्स्पेक्टरनी नाक पुसलं. "साहेब, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी? मी फिर्यादी आहे!"

"म्हणूनच."

बाबा बाहेर गेले. बाहेर बसायला जागा एकच होती. पुढचा अर्धा तास आमचे सेक्रेटरी, इस्त्रीची पँट सावरत, पंपवाल्याच्या बायकोशेजारी आणि त्या डब्याशेजारी बसून राहिले. तिनं त्यांनाही तोच प्रश्न विचारला का, ते मला कधी कळलं नाही. विचारला असेल तर बरंच झालं.

आत आईनं सुरुवात केली. "दिनांक अमुक रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास मी इमारतीच्या मागील बाजूच्या..." आणि थांबली. पदर खांद्यावर नीट घेतला. मग जांभूळमध्ये बोलायची तशी बोलायला लागली, आमच्या घरात मी क्वचितच ऐकलेलं ते बोलणं.

"साहेब, मी कपडे काढत होते. खाली एक मानूस गेला. पाठ दिसली. शर्ट दिसला. तोंड नाय दिसलं. बस. याच्या पुढं मला काय म्हायती नाय."

"पण इथे लिहिलंय, 'मी त्यास चांगली ओळखते.'"

"वळखते ना. पंपवाल्याला मी चांगली वळखते. पन तो मानूस पंपवाला होता का, ते नाय वळखत."

"मग हे कोणी लिहिलं?"

"आमच्या ह्यांनी."

"आणि सही?"

"सही माझी. वाचून केली. मला वाटलं, एवढं शिकलेलं मानूस लिवतंय तर बरोबर आसंल." मग म्हणाली, "खरं सांगू? तेवढं पन नाय वाटलं. चूक हाय ते दिसत होतं. पन घरात भांडन नको म्हनून केली."

सब-इन्स्पेक्टरनी कागद उलटा करून बघितला. "अक्षर कोणाचं? तुमच्या मिस्टरांचं नाही हे, त्यांची फिर्याद बघितलीय मी."

आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाचवायचं म्हणून ती समोरच्या व्हिक्सच्या डबीकडे बघत बसली. मी, जिला आधार म्हणून आणलं होतं, ती पिशवीतल्या ग्लुकोजच्या पुड्याशी चाळा करत होते. पिशवीत त्याच अक्षरातली दुसरी कॉपी होती. मी पुडा सोडला आणि म्हटलं, "माझं."

"छान आहे," ते म्हणाले.

त्यांनी शिवी दिली असती तर परवडली असती.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे खाकी शर्ट आणखी कोण घालून येतं?"

आईनं बोटांवर मोजलं. "पोस्टमन. गॅसवाला. रिक्षावाले. समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन." आणि जरा थांबून, "आनि तुम्ही."

त्यांना हसू आणि शिंक एकदमच आली. हसून झाल्यावर त्यांनी सरळ सांगितलं. ताई, आधी एक बोललात आणि आता दुसरं बोलताय. कोर्टात वकील तुम्हाला उभं-आडवं सोलतील. मिस्टरांनाही बोलावतील. विचार करा.

"विचार तेव्हा करायला पायजे होता," आई म्हणाली. "तुमी लिवा."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं. आईनं सहीसाठी हात पुढे केला. ते म्हणाले, "नको. मागचा कागद तुम्ही घरून लिहून आणलेला. आम्ही घेतलेल्या जबाबावर सही घेत नाहीत."

"त्याला सोडाल ना?"

"सोडणारे आम्ही नाही, कोर्ट आहे. पण आता त्याच्याविरुद्ध माझ्याकडे काही राहिलेलं नाही, तेवढं मी वर लिहितो."

बाहेर आल्यावर बाबा ताडकन उठले. "झालं? सांगितलंस सगळं?"

"सगळं सांगितलं," आई म्हणाली. मग ती बाकड्यावरच्या बाईसमोर उभी राहिली. "ती बाई मी," तिनं सांगितलं. "मी तोंड बघितलं नव्हतं. चुकीचं लिहून दिलं होतं. आज बरोबर सांगून आले."

मला वाटलं ती बाई रडेल, पाया पडेल, निदान शिव्या तरी देईल. तिनं यातलं काही केलं नाही. तिनं डबा उचलला आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

रिक्षात बाबांना सगळं कळलं तेव्हा ते म्हणाले, "तू माझं स्टेटमेंट फिरवलंस."

"तुमचंच होतं ना? मग तुम्हीच सांगायचं की. मी माझं सांगितलं."

"लोक काय म्हणतील? सेक्रेटरीच्या बायकोनंच चोराला सोडवलं!"

"चोर कुठाय त्यात?"

रिक्षावाल्यानं आरशातून मागे बघितलं. बाबांनी आवाज खाली आणला आणि कुजबुजत भांडायला सुरुवात केली. कुजबुजत भांडणं ही आमच्या घराण्याची खासियत. तसे भांडत भांडत आम्ही उल्हासनगरला पोचलो, कारण चादरी घेतल्याशिवाय परत जाणार कसे? सिंधी दुकानदारानं तीन माणसांचे सुतकी चेहरे बघितले आणि धंद्याच्या हुशारीनं विचारलं, "शादी का माल दिखाऊं?" त्यानं समोर टाकली ती पहिली चादर बाबांनी घेतली. हिरव्या पोपटांची होती, आणि एकेक पोपट मांजराएवढा. ती चादर आमच्याकडे कित्येक वर्षं टिकली, आणि पाहुण्यांनी विचारलं की कुठून घेतली, तर आई बाबांकडे बघायची.

सोसायटीला अर्थातच दोन दिवसांत सगळं कळलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आईशी बोलणं बंद केलं. हेडमास्तर बाबांना जिन्यात म्हणाले, "बायकांना पोलिसात न्यायचंच नाही." कोणीतरी म्हणालं, तिच्या गावाकडचा असेल तो, म्हणून वाचवला. आई बादल्या घेऊन जिने चढत होती आणि हे सगळं ऐकत होती. मी तिच्या हातातली बादली घेतली तर म्हणाली, "राहू दे. तू अभ्यास कर. अक्षर चांगलं काढ." तिनं तेवढं एकदाच ऐकवलं. मला आजवर पुरलंय.

पंपवाला सुटला. सुटल्यावर आठवड्यानं, एका रविवारी सकाळी, तो आमच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. रविवार म्हणून सगळे पुरुष घरी, आणि पाण्याची वेळ म्हणून सगळ्या बायका जिन्यात. बाबांना इतका आनंद झाला! "ये ये! अरे, मोटर येऊन पडलीय कधीची," म्हणत त्यांनी टेबलक्लॉथ उचलला, जसं काही तो माणूस गावाला जाऊन आला होता.

"मोटर मंग बघू," तो म्हणाला. उंबरठ्याच्या आत आला नाही. "आधी मला कागद द्या."

"कसला कागद?"

"मी चोरी केली नाय असा. चार सोसायट्यांचं काम होतं माझ्याकडं, साहेब. आता एक पन आत घेत नाय. वॉचमन फाटकातूनच हाकलतो. पोलिसांनी सोडलं म्हटलं तर म्हनतात, पैसे चारले आसतील."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच पॅड घेतलं आणि चष्मा लावला. 'प्रस्तुत प्रकरणी असे निदर्शनास येते की सदर इसमाचा सहभाग निःसंदिग्धपणे सिद्ध होऊ शकला नसल्याने...' त्यांनी वाचून दाखवलं. पंपवाल्यानं मान हलवली. "हे नको. ह्यात मी चोर हाय का नाय, तेच कळत नाय."

आईनं पॅड बाबांच्या हातातून काढून घेतलं, दाराशी उभी राहून, भिंतीला टेकवून लिहिलं. तिचं अक्षर वाकडंतिकडं, ओळी उतरत गेलेल्या. मी पुढे झाले, म्हटलं मी फेअर करून देते. तिनं फक्त बघितलं. मी मागे झाले.

त्यानं कागद घेतला, सावकाश वाचला. सातवी-आठवीपर्यंत तोही शिकला असावा. "साहेबांचा शिक्का पन पायजे," तो म्हणाला.

"सोसायटीचा शिक्का असा देता येत नाही," बाबा म्हणाले. "मीटिंग घ्यावी लागेल. ठराव करावा लागेल."

"त्याला आत घालायला ठराव केला होता?" आईनं विचारलं.

जिन्यातल्या बादल्यांचा आवाज थांबला होता. बाबा उभे राहिले. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच असं काही बघितलं की मला त्यांची दया आली. कपाटापाशी गेले, शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि आईच्या त्या वाकड्या ओळींखाली उमटवला. खाली सही केली. रकाने नव्हतेच त्या कागदावर, त्यामुळे भरायचं काही नव्हतं.

पंपवाल्यानं कागद घडी करून खिशात घातला नाही. परत आईपुढे धरला.

"वहिनी, वाचून दाखवा."

"तू वाचलास ना आत्ता?"

"मी वाचला." त्यानं जिन्याकडे बघितलं. "ह्यांनी नाय वाचला."

आईनं कागद घेतला. जिन्याच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली, जिथून खालचे आणि वरचे दोन्ही मजले दिसायचे. "मोटर चोरीला गेली त्या दिवशी मी चोराचं तोंड बघितलं नाही. तरी ह्या माणसाला ओळखते असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. ह्यानं चोरी केलेली मी बघितली नाही. चूक माझी आणि माझ्या घराची आहे."

पहिल्या मजल्यावरच्या काकू बादलीच्या कडीकडे बघत होत्या. हेडमास्तर बनियनवर दारात उभे होते.

"जरा मोठ्यानं," पंपवाला म्हणाला.

आईनं पदर कमरेला खोचला आणि परत वाचलं. आता तिचा आवाज गच्चीपर्यंत गेला असेल. वाचून होत आलं आणि वरच्या मजल्यावर एक दार धाडकन लागलं.

आईनं मान वर करून त्या दाराकडे बघितलं, कागद सरळ धरला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.